झाकल्या मुठीचा रोग

आज १७ नोव्हेंबर. हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त रुग्णालयांतून व्याख्याने होतील, तज्ज्ञ डॉक्टर चार हिताच्या गोष्टी सांगतील, आणि ज्यांना त्या पूर्वीपासूनच ठाऊक आहेत अशीच माणसे बहुधा श्रोत्यांत असतील. ज्यांनी त्या ऐकावयास हव्यात त्यांची पावले सभागृहाकडे वळणे कठीण. तेथे कोणी ओळखीचे भेटले आणि ‘आपण इकडे कसे?’ असे विचारले, तर काय सांगावे ही त्यांना पंचाईत पडते. पहिल्या पानावरील जी जागा एरवी राजकारणातील उलथापालथींना मिळते ती आज आम्ही या विषयाला देत आहोत, ती याच कारणासाठी. सभेला जाण्याचा ज्याला संकोच वाटतो त्याला वर्तमानपत्र तरी घरच्या घरी, कोणाच्या नजरेत न येता वाचता येते.

फिट, आकडी, फेफरे, मिरगी या नावांनी ओळखला जाणारा हा रोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे पाच कोटी माणसांना तो आहे, आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. आपल्या देशातील रुग्णांची संख्या एक कोटीच्या आसपास असावी, असे तज्ज्ञ मानतात. इतके मोठे आकडे वाचून मनावर काहीच उमटत नाही, म्हणून ते घराजवळ आणून पाहू. मुंबईतील पारशी समाजाची घरोघर जाऊन केलेली एक पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत अपस्माराचे प्रमाण हजारी ४.७ इतके आढळले. सुशिक्षित आणि शहरात स्थिरावलेल्या समाजाची ही पाहणी होती. तेव्हा हा अडाण्यांचा, खेड्यापाड्यांतला रोग आहे ही समजूत तेथेच निकालात निघते. हेच प्रमाण धरले, तर पाचशे बिऱ्हाडांच्या आणि दोन हजार माणसांच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेत अपस्मार असलेली वा पूर्वी होऊन गेलेली नऊ माणसे तरी निघावयास हवीत.

वाचकांनी क्षणभर आपली वसाहत डोळ्यांपुढे आणावी. मधुमेह कोणाकोणाला आहे हे आपणांस ठाऊक असते. कोणाच्या हृदयाला स्टेंट बसविला, कोणाचा गुडघा बदलला, याची चर्चा तर जिन्यावर उभ्या उभ्या होते. मग अपस्माराचा एक तरी रुग्ण आठवतो काय? बहुतेकांचे उत्तर नकारार्थी येईल. मग ही नऊ माणसे गेली कोठे? ती कोठेही गेलेली नाहीत. त्याच जिन्याने ती चढतात-उतरतात, त्याच गणेशोत्सवात आरतीला उभी राहतात. त्यांच्या गोळ्यांची पाकिटे मात्र कपाटात कपड्यांच्या घडीखाली असतात, आणि घरातल्या लहान मुलांनादेखील ‘बाहेर कोठे बोलावयाचे नाही’ अशी तंबी दिलेली असते.

आहे तरी काय हा रोग, की ज्याची एवढी लाज वाटावी? मेंदूतील असंख्य पेशींचा परस्परांशी व्यवहार सूक्ष्म विद्युत्संदेशांच्या द्वारे चालतो. एखाद्या भागातील पेशी क्षणभर सगळ्या एकदम आणि बेसुमार उद्दीपित झाल्या, म्हणजे त्या भागाकडे जे काम सोपविलेले असते ते बिघडते. यालाच झटका म्हणतात. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने १८७३ साली झटक्याची उपपत्ती लावली ती सामान्यतः अशीच होती, आणि पुढे हान्स बर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने मेंदूचा विद्युत्-आलेख काढण्याची रीत १९२९ साली प्रसिद्ध केली तेव्हा ती डोळ्यांनी पाहता येऊ लागली. उद्दीपन सर्व मेंदूभर पसरले तर माणूस शुद्ध हरपून पडतो, अंग ताठ होते, हातपाय झाडले जातात, तोंडाला फेस येतो. परंतु झटक्याचे हे एकच रूप नव्हे. वर्गात बसलेली मुलगी पाचदहा सेकंद एकटक पाहत राहते आणि पुन्हा लिहू लागते. मधल्या दोन ओळी तिच्या वहीत नसतात. कोणी गृहस्थ बोलता बोलता थांबतात, ओठ चाटल्यासारखे करतात, सदऱ्याचे बटण चाळवत राहतात, आणि मिनिटाभराने त्यांना यातले काहीच आठवत नाही. हे झटकेच होत. त्या मुलीला मात्र ‘लक्ष नाही’ म्हणून बोल बसतो आणि त्या गृहस्थांना विक्षिप्त ठरविले जाते.

हा रोग स्पर्शाने होत नाही. तो वेडही नव्हे. आपल्या प्राचीन वैद्यकाला हे चांगले माहीत होते. चरकसंहितेत उन्मादाचा विचार एका अध्यायात आणि अपस्माराचा दुसऱ्या, स्वतंत्र अध्यायात केलेला आहे. ग्रीसमध्येही हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात, ज्याला लोक दैवी कोप म्हणतात तो हा विकार इतर रोगांसारखाच नैसर्गिक असून त्याचे मूळ मेंदूत आहे, असे निःसंदिग्धपणे मांडलेले आहे. इतक्या जुन्या काळच्या ग्रंथकारांना जो भेद समजला तो आपल्या संसदेला मात्र १९७६ साली समजला नाही, ही खेदाची गोष्ट होय. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुळात अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या शेजारी अपस्मार हा शब्द आणून बसविला, आणि असा विकार असलेल्या व्यक्तीचा विवाह न्यायालयाकडून रद्द ठरवून घेण्याची वाट मोकळी केली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही तोच बदल झाला. म्हणजे औषधाने बरे राहणाऱ्या माणसाच्या माथी शासनानेच शिक्का मारला. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने चिकाटीने केलेल्या खटपटीला १९९९ साली यश आले, आणि त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो शब्द दोन्ही कायद्यांतून गेला.

कायद्यातून शब्द गेला, त्याला पाव शतक लोटले. आमच्या घरांतून तो गेला काय? आमच्या मते आज या रोगासंबंधी विचारण्याजोगा हाच मुख्य प्रश्न आहे. अपस्मारावर औषध नव्हते तेव्हा त्याचे भय वाटणे स्वाभाविक होते. पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग १८५७ साली लक्षात आला, फेनोबार्बिटल १९१२ साली, फेनिटॉइन १९३८ साली. त्यानंतर कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरॅसिटॅम अशी औषधांची रांगच लागली. आज स्थिती अशी आहे की, योग्य निदान आणि योग्य उपचार झाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतील, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या औषधांनी उपचार केल्यास त्यांचा खर्च वर्षाला पाच डॉलर इतका कमी येऊ शकतो, असेही तिचेच म्हणणे आहे. आणि तरीही गरीब देशांतील चारांपैकी तीन रुग्णांना आवश्यक ते उपचार मिळत नाहीत!

हे औषध मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयातच गुण देते असेही नाही. कर्नाटकातील येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी आणि त्यांचे सहकारी यांनी ग्रामीण रुग्णांना फेनोबार्बिटल किंवा फेनिटॉइन या दोन जुन्या, स्वस्त औषधांपैकी एक देऊन पाच वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्ताचा इत्यर्थ असा की, साध्या औषधांनी खेड्यातही हा रोग आटोक्यात ठेवता येतो. ज्यांना उपचारापूर्वी थोडे झटके येऊन गेले होते आणि ज्यांनी गोळ्या नियमाने घेतल्या, त्यांना अधिक चांगला गुण आला. यातून दोन बोध निघतात. उपचार लवकर सुरू व्हावयास हवेत, आणि एकदा सुरू केलेली गोळी चुकवू नये. गोळ्या कायमच्याच घ्याव्या लागतात असे नाही. दोन किंवा अधिक वर्षे झटका आला नाही, तर त्या हळूहळू बंद करण्याचा विचार डॉक्टर करू शकतात. परंतु तो निर्णय डॉक्टरांचा आहे, शेजाऱ्यांचा वा सासूबाईंचा नव्हे. आपल्या मनाने गोळी एकदम बंद केली, तर पूर्वीपेक्षा जोराचा आणि कित्येकदा न थांबणारा झटका येतो व तो प्राणावर बेततो.

ज्यांना औषधांनी गुण येत नाही त्यांच्यापुढेही वाट अगदीच खुंटलेली नाही. मेंदूच्या कानाजवळील भागात, ज्याला टेंपोरल लोब म्हणतात, रोगाचे मूळ असलेल्या ८० रुग्णांवर कॅनडात एक तुलनात्मक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण वर्षअखेर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधे घेणाऱ्यांच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होत आहेत, आणि आता देशातील इतर काही मोठ्या रुग्णालयांतही होतात. मेंदूवर शस्त्रक्रिया म्हटली की अंगावर काटा येतो, हे खरे. परंतु ती कोणाला लागू पडेल आणि कोणाला नाही हे ठरविण्यासाठी आधी रुग्णाने तज्ज्ञापर्यंत पोहोचावयास हवे.

रोगाची कारणे अनेक आहेत. जन्माच्या वेळी मेंदूला झालेली इजा, डोक्याला लागलेला मार, मेंदूचा ताप, पक्षाघात, क्वचित आनुवंशिक दोष. आणि कित्येकदा कारण सापडतही नाही. त्यांपैकी एका कारणाचा मात्र येथे मुद्दाम उल्लेख करतो, कारण शाकाहारी मध्यमवर्गाला त्याची कल्पना नसते. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात येणाऱ्या पट्टकृमीची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीतून, न धुतलेल्या हातांतून ती दुसऱ्याच्या पोटात गेली, की अळ्या मेंदूत जाऊन वसतात आणि झटके सुरू होतात. आयुष्यात मांस न शिवलेल्या माणसालाही हे होते. भारतीय रुग्णांच्या मेंदूच्या चित्रांत दिसणारी एक लहानशी गाठ पूर्वी क्षयाची समजली जाई. तिच्यापैकी अनेक गाठी वास्तविक या कृमीच्या असतात हे वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील शल्यविशारदांनी १९९० च्या सुमारास सिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अपस्माराचे जवळजवळ एकचतुर्थांश रुग्ण टाळता येण्याजोगे आहेत. स्वच्छ पाणी, शौचालये, सुरक्षित बाळंतपण आणि दुचाकीस्वाराच्या डोक्यावरील शिरस्त्राण, ही सर्व या रोगावरचीच औषधे होत.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळू. मुलीला शाळेत असताना झटके आले, उपचार झाले, तीन वर्षे एकही झटका नाही. ती पदवीधर होते, नोकरीला लागते, विवाहाची बोलणी सुरू होतात. गोळी अजून चालू आहे. आईवडील ठरवितात की सांगावयाचे नाही. विवाह होतो. सासरी गोळ्या ठेवावयाच्या कोठे, घ्यावयाच्या कधी, कोणी विचारले तर काय म्हणावयाचे? चार दिवस पाहुण्यांच्या गर्दीत गोळी राहते, जागरणे होतात, आणि ज्या मुलीला तीन वर्षांत झटका आला नाही ती सर्वांच्या देखत खाली कोसळते. त्यानंतर ‘फसविले’ हा एकच शब्द घरात घुमू लागतो. येथे रोगाने काय केले? रोग तर आटोक्यात होता. जे काही केले ते लपविण्याने केले.

याहून गंभीर गोष्ट पुढची आहे. व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणी घेतल्यास सुमारे दहांपैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते आणि दहांपैकी तीन-चार मुलांच्या वाढीत व शिकण्यात अडचणी येतात. म्हणून अशा स्त्रीने मूल होण्याचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून औषध बदलता येईल काय हे पाहावयाचे असते, फॉलिक अॅसिड सुरू करावयाचे असते. केरळमध्ये १९९८ पासून अपस्मार असलेल्या गर्भवतींची नोंदवही ठेवली गेली आहे. तिच्यातून आणि अन्य देशांतील अशाच नोंदींतून हे दिसून आले आहे की, योग्य देखरेख असल्यास यांपैकी बहुसंख्य स्त्रियांना निकोप मुले होतात. परंतु जिने नवऱ्यालाच सांगितलेले नाही ती डॉक्टरांकडे कोणाबरोबर आणि काय निमित्त काढून जाणार? झाकलेल्या मुठीची किंमत येथे पोटातल्या बाळाला मोजावी लागते.

‘सांगितले तर मुलीचे लग्नच होत नाही, तुम्हांला लिहावयास काय जाते?’ असा प्रश्न कोणी आईवडील आम्हांस विचारतील. प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही त्यांना दोष देऊ इच्छीत नाही. खरे बोलणाऱ्याचे दार ज्या समाजात बंद होते त्या समाजाने लपविणाऱ्याला नीती शिकवू नये. दोष प्रथम दार लावून घेणाऱ्यांचा आहे. ज्या घरातील मुलाला मधुमेह आहे ते घरदेखील अपस्माराचे नाव निघताच ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून निरोप पाठविते. मुलाला झटके येत असतील तर ‘लग्न झाले की बरा होईल’ म्हणून त्याचे दोनाचे चार केले जातात, आणि मुलीला येत असतील तर ती बोहल्यावर चढू नये अशी अपेक्षा असते. आईबापांच्या या रोगामुळे मुलाला तो होण्याचा संभव थोडासा वाढतो, परंतु बहुसंख्य मुलांना तो होत नाही, एवढी साधी माहितीही कोणी विचारून घेत नाही. तथापि लपविण्याचा मार्ग मुलीच्या हिताचा नाही हे आम्हांला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. १९९९ नंतर अपस्मार हे विवाह रद्द करण्याचे स्वतंत्र कारण उरलेले नाही. परंतु महत्त्वाची गोष्ट दडवून संमती मिळविली, हा फसवणुकीचा मुद्दा कायद्यात आजही कायम आहे. सत्य सांगून दहा स्थळे परत गेली तरी अकरावे स्थळ सांगून आलेले असेल. पुण्यात ‘संवेदना’सारखे आधारगट याच हेतूने चालतात, की रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे.

रस्त्यावर, आगगाडीच्या डब्यात कोणाला झटका आला, की भोवती कोंडाळे जमते आणि जो तो वैद्य होतो. कोणी कांदा हुंगवितो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी हातात किल्ल्यांचा जुडगा देतो, कोणी दातांत चमचा घालून दात पाडतो. यांपैकी कशाचाही उपयोग नाही. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि श्रेय कांद्याला मिळते. करावयाचे ते इतकेच: जवळची टोकदार वस्तू दूर करावी, डोक्याखाली काही मऊ द्यावे, गळ्याशी कपडे सैल करावेत, झटका ओसरताच कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही किंवा शुद्ध येण्यापूर्वी दुसरा आला, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शहरातील सुशिक्षित घरे भगताकडे जात नसतील. पण अंगारा, गंडा आणि ‘एकदा तेथे नेऊन आणा’ हा सल्ला त्यांच्याकडेही चालतो. श्रद्धेला आमची हरकत नाही. गोळी थांबविण्यास आहे.

शासनाचे कर्तव्य निराळे सांगावयास नको. जागतिक आरोग्य परिषदेने २०२२ साली अपस्मार आणि इतर मज्जाविकार यांसाठी २०३१ पर्यंतचा कृतिकार्यक्रम मंजूर केला आहे. त्याची भाषांतरे करून कपाटात ठेवण्यापेक्षा सरकारने तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात झटक्यांची औषधे बारा महिने, एकही दिवस खंड न पडता मिळावीत. रोजची गोळी आठवडाभर नसणे हे नसल्यापेक्षाही वाईट. प्रत्येक शाळेतील निदान दोन शिक्षकांना झटका ओळखण्याचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण द्यावे. तिसरे, वाहन चालविण्याच्या परवान्याचे नियम शास्त्राला धरून करावेत. आज अर्जदाराला अपस्माराविषयी विचारले जाते, आणि ‘होय’ लिहिणाऱ्याची वाट तेथेच अडते. ब्रिटनमध्ये सामान्यतः सलग एक वर्ष झटका न आलेल्यास मोटार चालविण्याची परवानगी मिळू शकते. जो नियम खरे बोलणाऱ्याला शिक्षा आणि खोटे बोलणाऱ्याला परवाना देतो, त्याने रस्ता सुरक्षित होत नाही. खासगी मालकांनाही आमचे सांगणे आहे की, ज्याचा रोग आटोक्यात आहे त्याला हिशेबाच्या टेबलावरून दूर करण्याचे काहीच कारण नाही.

परंतु औषध सरकार पुरवील, कायदा संसद बदलील. आपल्या दिवाणखान्यातील कुजबुज थांबविणे हे काम मात्र कोणतेही सरकार करू शकणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण फार प्रेमाने वापरतो. या एका रोगाच्या बाबतीत ती खोटी आहे. येथे मुठीत असते ती केवळ एक गोळी, आणि मूठ उघडल्याखेरीज ती तोंडापर्यंत जात नाही. आज सायंकाळी आपापल्या घरी हा विषय मोठ्या आवाजात, मुलाबाळांच्या देखत एकदा निघाला, आणि ज्या घरात तो रोग आहे तेथे गोळ्यांचे पाकीट कपड्यांच्या घडीखालून निघून जेवणाच्या टेबलावर मधुमेहाच्या गोळ्यांशेजारी येऊन बसले, तर आजचा दिवस पाळल्याचे सार्थक झाले असे आम्ही म्हणू.